हुक्केरी मॅडम आणि रांगेतले आकडे

हुक्केरी मॅडम माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते असं : "सरक की जरा. उजेड अडवलास माझा."

मी साताऱ्याची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोल्हापूरच्या एका कॉलेजात गणित शिकवायला रुजू झाले, आणि पहिल्याच दिवशी विभागप्रमुख निंबाळकर सरांनी मला कॉम्प्युटरची लॅब बघून यायला पाठवलं. लॅबला त्या काळी देवघराची कळा होती. चपला बाहेर काढायच्या, खिडक्यांना जाड पडदे, आत गारठा आणि कुजबुजत बोलणारी मुलं. त्या खोलीत एकच पडदा अर्धा वर खोचलेला होता, आणि तिथून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात एक उंच, रुंद खांद्यांची बाई प्रिंटरचा लांबलचक कागद हातात धरून उभी होती. अंगावर इरकली साडी, कपाळावर विभूतीचं पुसट बोट, डोळ्यांना चष्मा नाही. वाचताना त्यांची मान हलत नव्हती, डोळेही हलत नव्हते. कागदच हळूहळू डावीकडे सरकत होता. मला ते विचित्र वाटलं, पण मी नवी होते, आणि मला तर उजेड सोडून उभं राहायला सांगितलेलं होतं.

वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे कुणाचं हाय?"

एक मुलगा पुढे आला.

"काय छापलंयस हे?"

"मॅट्रिक्स हाय मॅडम. उत्तर बरोबर हाय."

"बरोबर हाय रे. पण सापडंना झालंय, त्येचं काय? ही वरची ओळ बघ. इथं उणे तीन, त्येच्या खाली सतरा पूर्णांक काहीतरी, त्येच्या खाली नुसतं शून्य. कोण कुणाच्या खाली हाय? बाजार उठल्यागत उभं केलंयस सगळ्यांस्नी. दशांशाचं टिंब टिंबाखाली पायजे. उण्याच्या चिन्हाला जागा राखून ठेव, उणं असू दे न्हाईतर नसू दे. वाचणाऱ्याला शोधाय लावायचं न्हाई. जा, परत कर."

मुलगा गेला. मॅडम माझ्याकडे वळल्या, म्हणजे सगळ्या अंगानिशी वळल्या. "तू नवीन आलीयास न्हवं? साताऱ्याची? मी नीलगंगा हुक्केरी. संख्यात्मक पद्धती शिकवतो."

'शिकवतो' ऐकून मी दचकले. कोल्हापूरकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वर्षभरात मीही घरी फोनवर 'येतो गं' म्हणू लागले, तेव्हा आईने विचारलं होतं, "कोण बोलतंय?"

मॅडम कागलच्या. घर लिंगायत, पेंड-सरकीचं दुकान. घरात कन्नड, दुकानात मराठी. आई म्हणजे अव्वा आणि धाकटा भाऊ म्हणजे तम्मा. ही दोन्ही माणसं मी क्वचितच पाहिली, पण 'तम्मा' हा शब्द रोज ऐकला, कारण वर्गातला प्रत्येक मुलगा त्यांचा तम्मा होता. मुलींना त्या 'तंगी' म्हणत. कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण. हे ठाऊक नसलेल्या शहरातल्या मुली पहिले काही दिवस आपल्यात कशाची कमतरता आहे म्हणून मॅडम तंगी म्हणतात, याचा विचार करत बसायच्या.

त्यांच्या विषयाची सुरुवात गणिताने होत नसे, छपाईने होई. ॲरे, म्हणजे संख्यांचा तक्ता, कागदावर कसा छापायचा हे पुस्तकात दोन ओळींत उरकलेलं असे. मॅडम त्यावर सलग दोन तास घेत. बहुतेक मुलं प्रोग्रॅममध्ये प्रत्येक आकड्याची रुंदी लिहून मोकळी होत : एवढी घरं, दशांशानंतर एवढे अंक, संपलं. मग तक्ता बदलला की प्रोग्रॅम उघडून पुन्हा सगळीकडे नवे आकडे लिहा. मॅडम फळ्यावर मोठ्या अक्षरात टक्क्याचं चिन्ह काढत, त्याच्यापुढे चांदणी, मग टिंब, मग पुन्हा चांदणी आणि शेवटी एफ. 'सी' भाषेत ही सोय मुळातच आहे. चांदणी लिहिली की रुंदी आधी ठरवावी लागत नाही. ती ऐनवेळी सांगता येते, हवी तेव्हा बदलता येते.

"आज सहा घरं पुरली, उद्या न्हाई पुरणार," त्या म्हणत. "आज चार कॉलम मावले, उद्या कागदच अरुंद असंल. मग काय कागदाला शिव्या देणार? जागा मोकळी सोडा. रुंदी मागनं सांगू."

निंबाळकर सर सज्जन आणि वेळापत्रकाचे पक्के. त्यांनी एकदा माझ्यासमोरच विचारलं, "मॅडम, छपाईवर दोन तास? अभ्यासक्रमात अर्धी ओळ आहे त्याची."

"सर, परीक्षेनंतर पोरं बाकीचं विसरणार. ही अर्धी ओळ तेवढी जन्मभर वापरणार."

सरांनी हात जोडले आणि हसत निघून गेले.

मॅडमची एक सवय मात्र कुणालाच आवडत नसे. दिवस कलायला लागला की त्या उठत. मीटिंग अर्ध्यात असो, स्नेहसंमेलनात बक्षिसं वाटायची असोत, कुणाच्या मुलीचं संध्याकाळचं रिसेप्शन असो. "येतो मी," म्हणायचं आणि पिशवी उचलायची. स्टाफरूममध्ये याचे दोन अर्थ लावले जात. एक, बाई शिष्ट आहे. दोन, अव्वाला घाबरते. मला दोन्ही खरे वाटत नसत, कारण शिष्ट माणूस डब्यातली शेंगदाण्याची चटणी सगळ्या टेबलावर फिरवत नाही, आणि मॅडम कुणाला घाबरतील ही कल्पनाच करवत नसे.

मग एका हिवाळ्यात प्रॅक्टिकल परीक्षा लांबली. बाहेरून आलेले परीक्षक आरामात होते आणि मॅडमना उठता येईना. खाली उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. जिन्याच्या तोंडाशी मॅडम थांबल्या आणि त्यांनी माझं कोपर धरलं. बोटं घट्ट रुतली.

"सातारा, स्टँडपर्यंत चल माझ्यासंगं." त्या मला गावाच्या नावानेच हाक मारत.

एसटी स्टँडवर कागलची गाडी समोरच उभी होती, पाटी लख्ख होती. त्यांनी विचारलं, "ती गाडी कुठली?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला अंधारात दिसत न्हाई. ल्हान हुतो तवापासनं. आता दिवसा बी कडा गेल्यात. नळीतनं बघितल्यागत दिसतंय. मधलं तेवढं साफ, बाकीचं न्हाईच."

मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?"

"मिरजेच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय. डोळ्याचा पडदा खराब हाय, नळी बारीक हुत जाणार, औषध न्हाई."

"मग?"

"मग काय? नळी हाय तवर नळीतनं बघायचं." कंडक्टरने घंटी दिली. पायरीवर पाय ठेवताना त्या वळून म्हणाल्या, "वर्गात सांगू नको. मी सांगीन, मला सांगायचं असंल तवा."

तेव्हा मला कळलं की मान न हलवता कागद का सरकतो, आणि बाई सगळ्या अंगानिशी का वळते.

सांगायची वेळ लवकरच आली. निंबाळकर सरांच्या लक्षात आलं, कारण एके दिवशी मॅडम दारात ठेवलेल्या स्टुलाला अडखळून पडल्या आणि गुडघा फुटला. सरांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी पुण्याहून एक मोठं भिंग मागवून दिलं. शिवाय मॅडमसाठी सगळ्या प्रश्नपत्रिका दुप्पट आकाराच्या अक्षरांत टाइप करून घेतल्या. मॅडमनी भिंग हातात घेतलं, एक ओळ वाचायचा प्रयत्न केला आणि ते टेबलावर ठेवलं.

"सर, तुमी चांगल्या मनानं केलंय. पण माझं दुखणं निराळं हाय. अक्षर मोठं केलं तर माझ्या नळीत एकच अक्षर मावतंय. मला मोठं नको, अरुंद पायजे."

हे वाक्य बोलल्यावर त्या थांबल्या. मी शेजारीच बसले होते. स्वतःच बोललेलं पुन्हा ऐकल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. मग उठून थेट लॅबमध्ये गेल्या.

पुढचे कित्येक आठवडे त्यांनी एकच काम केलं. संख्यांचा कोणताही तक्ता घेऊन तो हवा तसा छापणारा एक प्रोग्रॅम त्या बांधत होत्या. शिकवताना लागणारी समीकरणं सोडवायची तर प्रत्येक पायरीला पूर्ण तक्ता समोर लागतो, आणि आडव्या पसरलेल्या तक्त्यात त्यांची नजर हरवत होती. डावीकडचा आकडा सोडून उजवीकडे जाईपर्यंत ओळच बदललेली असे. म्हणून त्यांनी तक्ता उभा चिरला. एका पट्टीत मोजकेच कॉलम. प्रत्येक पट्टीच्या सुरुवातीला ओळीचा क्रमांक आणि शेवटी पुन्हा तोच क्रमांक, म्हणजे घसरलं तर कळावं. आकड्याची रुंदी किती, दशांश किती, एका पट्टीत कॉलम किती, दोन आकड्यांमध्ये काय ठेवायचं, मोकळी जागा, उभी रेघ की काहीच नाही, हे सगळं बाहेरून सांगता येत असे. आतलं काहीच बदलावं लागत नसे.

मी त्यांच्या शेजारी बसून छापील कागद तपासायची. त्या विचारत, "तुला कसं दिसतंय?" मी म्हणायची, "छान दिसतंय." त्या चिडत. "छान न्हाई विचारलं. तिसऱ्या ओळीचा दुसरा आकडा डोळं मिटून उघडल्यावर लगेच गावतो का, त्ये सांग."

प्रोग्रॅम चांगलाच झाला. मुलंही तो वापरू लागली, कारण त्यांच्या जर्नलची पानं त्याने देखणी होत. पण त्याच सुमारास संस्थेच्या कार्यालयातून पत्र आलं. मॅडमच्या प्रकृतीचा विचार करून त्यांना अध्यापनातून मोकळं करावं आणि ग्रंथालयात सोयीचं काम द्यावं, असा विचार चालू होता.

मॅडम पत्र घेऊन एकट्याच संस्थेच्या चिटणीसांकडे गेल्या. चिटणीस स्वतः इंजिनिअर होते, शिरोलीला त्यांची फाउंड्री होती. स्पष्ट बोलणारा आणि ऐकून घेणारा माणूस. मॅडमनी त्यांना एवढंच सांगितलं, "साहेब, कागद बघून ठरवू नका. माझ्या तासाला बसा, मग ठरवा."

आणि ते खरंच आले. निंबाळकर सर, आणखी एक सभासद आणि चिटणीस साहेब मागच्या बाकावर बसले. तास लॅबमध्येच होता, मी दाराशी उभी होते. मुलांना काय चाललंय हे ठाऊक होतं, त्यामुळे वर्ग इतका शांत होता की पंख्याची घरघर ऐकू येत होती.

मॅडमनी स्वच्छ सुरुवात केली. डावा हात फळ्यावर टेकवून त्याच्या आधाराने सरळ ओळीत लिहीत गेल्या. मग चिटणीसांना म्हणाल्या, "साहेब, समीकरणं तुमीच द्या." त्यांनी उठून चार समीकरणं फळ्यावर लिहिली. मॅडमनी आकडे कॉम्प्युटरवर घातले, पायरीपायरीचा तक्ता छापला, कागद सगळ्यांना वाटला आणि आपल्या हातातला कागद सरकवत वाचायला लागल्या.

दुसऱ्या पायरीला घात झाला. चिटणीसांनी पहिला आकडा फारच बारीक दिला होता, मुद्दाम नव्हे, कारखान्यातली खरीच समीकरणं होती ती. त्या बारीक आकड्याने भागल्यावर खालच्या ओळींतले आकडे फुगले. दिलेल्या रुंदीत ते मावेनात. मध्ये मोकळी जागा ठेवलेली नव्हती, म्हणून एक आकडा पुढच्या आकड्याला चिकटला आणि पुढची सगळी ओळ उजवीकडे ढकलली गेली. आम्हाला कागद बघताक्षणी काहीतरी बिघडल्याचं दिसत होतं. मॅडमच्या नळीत तेवढा एकच तुकडा होता. त्यांनी दोन चिकटलेले आकडे एकच समजून वाचले आणि त्यावरून पुढची पायरी सांगायला लागल्या.

पहिल्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, तसं न्हाई त्ये."

"काय न्हाई, तंगी?"

"दोन आकडं हायत. चिकटलेत."

मॅडमनी कागद अगदी जवळ घेतला. सरकवला. परत मागे आणला. त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. निंबाळकर सर खाली बघत होते. चिटणीसांनी घसा साफ केला, "मॅडम, राहू द्या. आम्हाला कल्पना आली."

"तुमाला चुकीची कल्पना आली," मॅडम म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "साहेब, बाहेर चहा सांगितलाय. तेवढा घेऊन परत या. मला तेवढाच वेळ पायजे."

चिटणीसांनी घड्याळ बघितलं. मग उठले.

ते बाहेर गेल्यावर मी धावत कीबोर्डपाशी गेले. "तुम्ही सांगा, मी टाइप करते. लवकर होईल."

"हात काढ," त्या म्हणाल्या. "लवकर न्हाई करायचं. बरोबर करायचंय."

वर्ग बसून राहिला. कुणी हललं नाही. मॅडम स्क्रीनला नाक लावून टाइप करत होत्या आणि स्वतःशीच बोलत होत्या. रुंदी त्या आजवर अंदाजाने सांगत आल्या होत्या, तिथेच गफलत होती. आता छापण्याआधी प्रोग्रॅमने पूर्ण तक्ता एकदा नुसता चाळायचा, सगळ्यात जास्त जागा खाणारा आकडा शोधायचा, त्याच्यात दोन घरं मोकळी मिळवायची आणि ती रुंदी चांदणीच्या जागी द्यायची. थोडक्याच ओळी होत्या. एकदा प्रोग्रॅम अडला, एक अर्धविराम राहिला होता. त्यांनी शोधला. मग प्रिंटर कर्रकर्र वाजायला लागला.

मंडळी परत येऊन बसली तेव्हा मॅडम फळ्यासमोर ताठ उभ्या होत्या.

"मघाशी मी आकडा चुकीचा वाचला," त्यांनी वर्गाला सांगितलं. "का चुकलो? माझं डोळं अधू हाईत म्हणून? ते तर हाईतच. पण छापताना मी गृहीत धरलं की सगळी आकडं माझ्या रुंदीत बसतील. आता पहिला कागद आणि दुसरा कागद शेजारी ठेवा. फरक सांगा."

मुलांनी सांगितला. मग त्यांनी तिथूनच पुढे शिकवलं, की पहिला आकडा इतका बारीक असेल तर आधी ओळींची अदलाबदल करावी, म्हणजे आकडे फुगतच नाहीत. मूळ धडा तोच होता, फक्त तो का लागतो हे आता सगळ्यांना कळत होतं. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी वही मिटली नाही.

चिटणीसांनी शाबासकी वगैरे दिली नाही. ते पुढे आले आणि विचारलं, "मॅडम, आज हे निभावलं. उद्या एवढंही दिसेनासं झालं तर?"

"तर दुसरा उपाय शोधीन साहेब. शोधायला कॉलेजात असाय पायजे मी. ग्रंथालयात बसून मला काय सुचणार न्हाई."

चिटणीसांनी होकारार्थी मान हलवली. निर्णय असा झाला की मॅडमनी शिकवत राहावं आणि दर वर्षी पुन्हा विचार व्हावा. निंबाळकर सरांना हे अपुरं वाटलं, मला अपमानास्पद वाटलं. मॅडम म्हणाल्या, "एक वरीस मिळालं न्हवं? बक्कळ झालं."

अशी बरीच वर्षं मिळत गेली. नळी बारीक होत गेली तशी पट्टीतल्या कॉलमांची संख्या कमी होत गेली. शेवटी पट्टीत एकच कॉलम उरला. या काळात धाकटा भाऊ दोनदा कागलहून आला. स्टाफरूममध्ये माझ्यादेखतच म्हणाला, "अक्का, आता पुरे की. वरची खोली रिकामी हाय. अव्वा वाट बघत्या. निवांत रहा."

"तम्मा, निवांत मेल्यावर रहायचंच हाय. त्येची आत्तापासनं कशाला सवय?" आणि त्याला सोबत घेऊन त्या राजारामपुरीत भाड्याची खोली बघायला गेल्या. रोजची एसटी आता झेपत नव्हती. खोली त्यांनी पसंत केली ती पायऱ्या हाताने चाचपून, सगळ्या सारख्या उंचीच्या आहेत अशी खात्री करून.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. एका दुपारी आम्ही दोघी लॅबमध्ये पेपर तपासत होतो, म्हणजे मी वाचत होते आणि त्या गुण सांगत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "लाईट गेली काय गं?"

लाईट होती. डोक्यावरच्या दोन्ही ट्यूब लागलेल्या होत्या. पंखा फिरत होता, त्याचा आवाज त्यांनाही येतच होता. त्यांनी तोंड वर करून पंख्याच्या दिशेने केलं आणि तसंच थोडा वेळ ठेवलं. मग हात टेबलावर सपाट ठेवले.

"बरं," त्या म्हणाल्या. "पुढचा पेपर वाच."

मी वाचला. त्या म्हणाल्या, "मोठ्यानं वाच की. गुण त्या पोराचं हायत, त्येचं नुकसान नको."

त्या दिवशी त्यांनी गठ्ठा संपवूनच सोडला.

त्यानंतर काही महिन्यांनी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने, तो पुण्यात नोकरीला होता, पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आणून बसवून दिलं. मॅडमनी पहिल्यांदा आपला तक्ता छापण्याऐवजी पडद्यावर आणला आणि स्पीकर लावला. यंत्राने इंग्रजीत, एकसुरी आवाजात सुरुवात केली : डॅश डॅश डॅश डॅश डॅश. मॅडमनी डोळ्यांसाठी ओळींच्या मध्ये मोठ्या हौसेने घातलेल्या आडव्या रेघा ते एकेक करून वाचत होतं. आकडा यायच्या आत सगळे कंटाळले. मॅडम मात्र हसायला लागल्या आणि हसतच राहिल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बऱ्याच दिवसांनी हसत होत्या.

"अगं, ह्येला बी शोधाय लागतंय!"

मग त्यांनी बदल केला. प्रोग्रॅमचं पोट तसंच ठेवलं. बाहेरून सांगायच्या गोष्टी तेवढ्या बदलल्या. रेघा काढल्या, मोकळी जागा काढली. प्रत्येक आकड्याआधी ओळ आणि कॉलम यांचे क्रमांक, आकड्यानंतर स्वल्पविराम, म्हणजे यंत्र श्वास घेतं. दशांश दोनच, कारण कान चारपेक्षा जास्त अंक धरत नाही असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळपर्यंत यंत्र 'ओळ दोन, कॉलम तीन, उणे चार पूर्णांक पंचवीस' याचं इंग्रजी स्वच्छ बोलत होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी विद्यार्थ्यांना नवा नियम घातला. प्रत्येक तक्ता दोन प्रकारे द्यायचा, एक डोळ्यांनी वाचायला आणि एक कानांनी ऐकायला. मुलं कुरकुरली. एकाने धीर करून विचारलं, "मॅडम, हे परीक्षेत विचारत न्हाईत."

"परीक्षेत माझं नाव बी विचारत न्हाईत. मी हाय न्हवं?"

पुढच्या वर्षीची मुलं कुरकुर न करताच दोन्ही प्रकारे देऊ लागली, जणू ते पहिल्यापासूनच तसं होतं. दरवर्षीचा फेरविचारही एव्हाना बंद झाला होता. कधी बंद झाला हे कुणालाच आठवत नव्हतं.

दोन हजारचं दशक संपत आलं तेव्हा मी कोल्हापूर सोडलं. आईला सोबत हवी होती, साताऱ्यातच एका कॉलेजात जागा मिळाली. मॅडमशी फोनवर बोलणं होई. त्या फोन उचलला की नमस्कार-चमत्कार न करता थेट विचारत, "काय शिकवालीस सध्या?" पण त्यांना पाहिलं ते एकदाच. एका कामासाठी कोल्हापूरला गेले होते. दुपारची वेळ, रिक्षातून दसरा चौकाकडे चालले होते. रहदारी दाटलेली होती.

अचानक रिक्षावाल्याने करकचून ब्रेक दाबला. समोर रस्त्यात एक उंच बाई उतरली होती. हातात पांढरी काठी, ती तिने तलवारीसारखी आडवी पुढे धरलेली. केस पांढरे झाले होते, खांदे तसेच रुंद.

रिक्षावाल्याने मान बाहेर काढून आवाज दिला, "ओ मावशी! दिसत न्हाई व्हय?"

मॅडम जागेवर थांबल्या आणि सगळ्या अंगानिशी आवाजाच्या दिशेने वळल्या.

"न्हाई. तुला दिसतंय न्हवं? मग थांब की, तम्मा."

मी हाक मारायला तोंड उघडलं होतं. पण त्या मान किंचित तिरकी करून रस्ता ऐकत होत्या, आणि माझी हाक मध्ये पडली असती तर त्यांचा अंदाज चुकला असता. त्या पुढे निघाल्या, ना घाईने ना रेंगाळत. आमच्यामागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. काठीचं टोक पलीकडच्या फूटपाथला टेकलं, त्यांनी पाय वर घेतला आणि पदर सारखा केला. तोपर्यंत रिक्षावाल्याने गाडी जागची हलवली नाही.